गायनमंडळासाठी : की-बोर्ड आणि गिटार यांचा आवाज



रविवारच्या मिस्सात की-बोर्ड आणि गिटार एकत्र वाजू लागले की साथ भरदार होते, पण मागच्या बाकांवरच्या आजी-आजोबांना प्रतिसाद स्तोत्राचे शब्द कळेनासे होतात. येरवड्यासारख्या गजबजलेल्या भागात वर पंखे आणि बाहेर रिक्षा, म्हणजे आणखीच भर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्यात ऑर्गनला मान देऊन, उपासनेला साजेशा इतर वाद्यांनाही अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी केली. उपवासकाळात मात्र चौथा रविवार, महोत्सव व सण सोडल्यास वाद्ये गाण्याला आधार देण्यापुरतीच वाजवायची असतात. शब्द आधी, वाद्य नंतर, हे तेव्हा तरी विसरता येत नाही.

पुष्कळ ठिकाणी गिटारचा एकच ॲम्प्लिफायर असतो आणि दोन्ही वाद्ये त्यालाच जोडली जातात. आम्हाला हे मुळीच पसंत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकवत नाही. गिटारला ते शोभते, पण की-बोर्डवरचे व्हायोलिन त्यातून कोंदट येते. शिवाय की-बोर्डचे खालचे जाड सूर मोठ्याने वाजवले तर तो स्पीकर खराब होऊ शकतो. म्हणून की-बोर्ड थेट चर्चच्या मिक्सरला जोडावा. एकच वायर असेल तर ती ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्या भोकात घालावी.

साध्या गिटारच्या पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. तो सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये दिला तर आवाज पातळ आणि बसका येतो. मध्ये डी.आय. बॉक्स नावाची छोटी पेटी ठेवली की हा दोष जातो आणि वायर लांब असली तरी खरखर वाढत नाही.

इतके करूनही गढूळपणा राहिला, तर दोष बहुधा हातांचा असतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, आणि की-बोर्डवाल्याचा डावा हात त्याच भागात फिरत असतो. गिटार असताना डावा हात हलका ठेवावा, नाहीतर चक्क उचलून घ्यावा. यासाठी एक पैसाही लागत नाही, तरी नवा स्पीकर घेण्यापेक्षा हे पटवणे अवघड!

आवाज लावताना आधी गाणाऱ्यांचे माईक, मग गिटार, शेवटी की-बोर्ड. एकाने मागच्या बाकावर बसून ऐकावे. रिकाम्या चर्चमध्ये आवाज घुमतो आणि माणसे भरली की तो बसतो, म्हणून प्रवेशगीतानंतर पुन्हा एकदा कान द्यावा.

गुणगुण आली तर दोन्ही वाद्ये एकाच बोर्डावरून वीज घेतात का ते पाहावे. अर्थिंगची तिसरी पिन कधीही काढू नये. त्याने गुणगुण थांबेलही, पण धातूच्या तारा हातात असलेल्या मुलाला शॉक बसू शकतो. सुरू करताना मिक्सर आधी, स्पीकरचा ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलट.