गरोदरपणातला घोर आणि श्वासाची सोबत

दिवस गेल्याची बातमी कळली की घरात आनंद होतो. सासूबाई काय खावे ते सांगतात, शेजारणी काय खाऊ नये ते सांगतात. मात्र त्या बाईला रात्री झोप लागते का, तिच्या मनात काय चालले आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून या वेळी आपण गरोदरपणातल्या मनाच्या ताणाविषयी बोलू.

घोर कशाकशाचा?

येडगाव धरणाच्या परिसरात आणि नारायणगावच्या आसपास आपल्या वस्त्यांतील कितीतरी भगिनी टोमॅटोच्या तोडणीला, कांद्याच्या लागणीला, द्राक्षबागेत रोजाने जातात. पोट वाढले तरी रोज बुडू नये म्हणून जावे लागते. जुन्नर तालुक्यात उसाच्या रानात बिबट्याचा वावर, त्यामुळे पहाटे किंवा अंधारात बाहेर पडताना जीव मुठीत धरावा लागतो. पहिली मुलगी असेल तर ‘आता मुलगाच हवा’ हे टोमणे असतात. त्यात कोणी ग्रहणाची, कोणी दृष्टीची भीती घालते.

यातली शेवटची भीती तर आपण आजच टाकून देऊ शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा देताना बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या जुन्या रूढींतून बाहेर पडण्यासाठीच. ग्रहणाने बाळाला व्यंग येत नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरते, त्यात बाईचा काही दोष नाही. एवढे घरातल्या सर्वांनी मान्य केले तरी तिच्या डोक्यावरचा बराच भार उतरेल.

ताणाने शरीरात काय होते?

भीती वाटली की छाती धडधडते, श्वास वरवर चालतो, अंग ताठरते. थोड्या वेळाने हे शमले तर काही बिघडत नाही. पण रोजच तसे होत राहिले तर झोप उडते, भूक मरते, डोके दुखते, चिडचिड वाढते. मात्र ‘माझ्या काळजीमुळे बाळाला काही होईल’ अशी नवी काळजी लावून घेऊ नका. काळजी वाटणे हा गुन्हा नाही.

सम्यक स्मृती

अष्टांगिक मार्गातील सातवे अंग म्हणजे सम्यक स्मृती. आत्ता शरीरात आणि मनात जे चालले आहे त्याची जाणीव ठेवणे, असा त्याचा साधा अर्थ. त्यासाठी भगवान बुद्धांनी आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणे, शिकवले. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी याच विचारावर आधारलेला ताण कमी करण्याचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम रुग्णांसाठी सुरू केला. पुढे नॅन्सी बार्डाके या प्रसूती करणाऱ्या परिचारिकेने तो गरोदर स्त्रियांसाठी बदलून घेतला. या सरावाने अनेक स्त्रियांची चिंता कमी होते, असे आढळले आहे.

कसे करावे?

१. भिंतीला पाठ टेकून, खाली गोधडी घेऊन बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालेल. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपून करू नका. डाव्या कुशीवर वळा.

२. श्वास आपोआप येऊ-जाऊ द्या. तो रोखू नका, जोरात सोडू नका. नाकाशी गार हवा आत येते, कोमट बाहेर जाते, तेवढे जाणत राहा.

३. मन पळेल. उद्याचे काम, कर्ज, बाळंतपण आठवेल. ‘काळजी आली’ एवढे मनात म्हणा आणि पुन्हा श्वासाकडे या.

४. सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. सकाळी वंदनेनंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी करा.

५. डोळे मिटल्यावर जास्त घाबरल्यासारखे झाले तर डोळे उघडे ठेवा किंवा थांबा. जबरदस्ती नको.

सातव्या महिन्यापासून जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचालीकडेही असेच लक्ष द्या. आपल्या बाळाची रोजची रीत कळते. ती हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

जे श्वासाने होत नाही

ध्यानाने रक्त वाढत नाही. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, रक्तदाबाची तपासणी हवीच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते, आशाताईंना विचारा. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडा-हातांवर सूज, झटके, ताप किंवा पाणी जाणे, यांपैकी काही दिसले तर १०८ला फोन करा.

दोन आठवडे मन उदास राहिले, रडू थांबेना, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नका. घरात मारहाण होत असेल तर १८१ हा क्रमांक आहे. मार सहन करण्यासाठी ध्यान शिकवलेले नाही.

घरच्यांचा वाटा

१९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. मग तीच विश्रांती आपल्या घरात का मिळू नये? पाण्याचा हंडा नवऱ्याने उचलावा. अंधारात बाहेर जाताना बॅटरी घेऊन कोणीतरी सोबत जावे. दुपारी तासभर तिला पडू द्यावे. बायकोबरोबर पाच मिनिटे नवराही श्वासाला बसला, तर तिला एकटे वाटणार नाही.

वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना होत असेल तर त्यानंतर दहा मिनिटे गरोदर भगिनींसाठी ठेवावीत. भिंतीलगत चार खुर्च्या मांडाव्यात आणि आशाताईंनाही बोलवावे.