लिंकरचं रडगाणं वेगळं असतं

चि. सोनू,


स्क्रीनचा फोटो मिळाला. हात थरथरल्यामुळे अर्धा पुसट आहे, पण कळलं. त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचा सी भाषेतला प्रोग्रॅम, आणि खाली तुझा प्रश्न, ‘मामा, जीसीसी बिघडलंय का?’ नाही रे. ते बिचारं खरं तेच सांगतंय, फक्त बोट भलतीकडे दाखवतंय.

एरर आठव्या ओळीत दाखवतोय म्हणून तू आठवी ओळ तीनदा नव्याने टाइप केलीस. चूक सातवीत आहे. ‘फ्लोट एस’च्या पुढे सेमिकोलन नाही. जीसीसी हा कंपायलर. तो ओळी बघत नाही, शब्दामागून शब्द वाचत जातो. वाक्य संपलं नाही हे त्याला पुढचा शब्द आल्यावरच कळतं, आणि तो तिथे ओरडतो. खालचा ‘एस अनडिक्लेअर्ड’ हे वरच्याचंच पिल्लू. म्हणून पहिला एरर दुरुस्त कर, पुन्हा कंपाइल कर, मगच पुढचा वाच. मी कॉलेजात असताना सगळ्यात खालच्या एररपासून सुरुवात करायचो, कारण तोच समोर दिसायचा. त्यात अख्ख्या संध्याकाळी गेल्या.

सेमिकोलन घातलास की नवाच एरर येईल, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. घाबरू नकोस, ही प्रगती आहे. कंपायलरचं काम झालं. आता तक्रार लिंकरची, म्हणजे सगळे तुकडे जोडून प्रोग्रॅम तयार करणाऱ्याची, आहे. तू म्हणशील, मॅथ डॉट एच तर इन्क्लूड केलंय! ती नुसती लग्नपत्रिका. एसक्यूआरटी नावाचं फंक्शन आहे, त्याला डबल द्यायचा, ते डबल परत देतं, एवढंच तिच्यात छापलंय. प्रत्यक्ष वर्गमूळ काढणारा कोड गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असतो, आणि लिनक्सवर ती जोडायला कमांडच्या शेवटी ‘-एलएम’ लिहावं लागतं. शेवटीच. तुझ्या उबुंटूवर ते फाइलच्या नावाआधी लिहिलंस तर पुन्हा तोच एरर येईल, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि लायब्ररी समोर आली तेव्हा तिच्याकडे कोणी काही मागितलेलंच नसतं. आम्ही टर्बो सी वापरायचो, तिथे हे सगळं आपोआप व्हायचं. त्यामुळे लिंकर नावाचं काही असतं हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

लिंकरचा एरर ओळखायचा कसा? त्यात बहुधा ओळीचा नंबर नसतो. टेम्प फोल्डरमधल्या कुठल्या तरी विचित्र नावाच्या फाइलचा उल्लेख असतो. आणि शेवटी ‘एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस’. तुम्ही मुलं नेमकी तीच ओळ गूगलवर टाकता. लिंकर अपयशी ठरला, यापलीकडे ती काहीही सांगत नाही. खरी गोष्ट तिच्या वरच्या ओळीत.

स्पेलिंगच्या काही चुकाही लिंकरपाशीच पकडल्या जातात. ‘मेन’च्या जागी ‘मिअन’ टाइप झालं तर कंपायलर हूं की चूं करत नाही. तुझ्या मनाने तू कुठल्याही नावाचं फंक्शन लिहू शकतोस. ‘मेन’ सापडत नाही म्हणून बोंब मारतो तो लिंकर. ‘प्रिंटएफ’मधला टी गळला तर जुनं जीसीसी नुसती वॉर्निंग द्यायचं आणि घोडं पुढे जाऊन लिंकरपाशी अडायचं. न सांगितलेलं फंक्शन वापरायची मुभा सी भाषेने 1999च्या मानकातच काढली होती. जीसीसीने मात्र 2024मध्ये, चौदाव्या आवृत्तीत, तो सरळ एरर केला. तुमच्या लॅबमधलं जीसीसी जुनं असेल, तर वॉर्निंगकडे काणाडोळा करू नकोस. कमांडमध्ये ‘-वॉल’ घालत जा. ‘स्कॅनएफ’मध्ये अँपरसँड विसरलास तरी ते टोकतं.

आता सेमिकोलन घाल, ‘-एलएम’ जोड आणि तीन, चार, पाच या बाजू देऊन बघ. उत्तर सहा यायला हवं. नाही आलं तर कळव. पण फोटो नको, टर्मिनलमधला मजकूर कॉपी करून पाठव, पहिल्या ओळीपासून.

तुझा,
मामा