शत्रूचे संगोपन

हिवाळ्याच्या सकाळी पुणे जिल्ह्यातील हरभऱ्याचे शेत पाहिले म्हणजे डोळे निवतात. पाने दवाने भिजलेली असतात आणि डहाळ्यांना टपोरे घाटे लोंबत असतात. परंतु शेतकरी एखादा घाटा हाती घेतो, तो त्याला एक वाटोळे छिद्र दिसते. घाटा फोडावा, तर आत दाणाच नाही! हे काम घाटेअळीचे. एकच अळी आपल्या आयुष्यात तीस-चाळीस घाटे पोखरू शकते. हरभराच नव्हे, तर तूर, कापूस, टोमॅटो, भेंडी ही पिकेही तिच्या तडाख्यातून सुटत नाहीत.

अशा या शत्रूला पुणे शहरात मात्र मोठ्या निगुतीने वाढविले गेले आहे, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन 1950 साली झाले. तेथील शास्त्रज्ञांनी घाटेअळीचा अनेक वर्षे अभ्यास केला. शत्रूचा पराभव करावयाचा, तर आधी त्याची राहणी जाणली पाहिजे, हा त्यामागील विचार होय.

घाटेअळीच्या जीवनक्रमात चार अवस्था असतात. मादी-पतंग कोवळ्या पानांवर व फुलांवर एकेक करून शेकडो अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंड्यातून केसाएवढी बारीक अळी बाहेर पडते. ती खाते, वाढते आणि पुनःपुन्हा कात टाकते. पूर्ण वाढ झाल्यावर ती जमिनीत शिरून कोष होते आणि त्या कोषातून पुढे पतंग बाहेर येतो.

ही अळी पाळणे सोपे नाही. अनेक अळ्या एका भांड्यात ठेवल्या, तर त्या एकमेकींनाच खातात! म्हणून प्रत्येकीला वेगळी कुपी द्यावी लागते. हरभऱ्याचे पीठ, यीस्ट व जीवनसत्त्वे एकत्र करून, अगर घालून त्याची वडीसारखी थापी करतात. हेच तिचे अन्न. खोलीतील ऊब, ओलावा आणि उजेडही ठरावीक ठेवतात. यांपैकी एक गोष्ट बदलली, तरी अळीचे आयुष्य बदलते.

प्रथम उबेचा विचार करू. सुमारे 11 अंश सेल्सिअसच्या खाली अळीची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून त्यावरील अंशच वाढीच्या खात्यात जमा होतात. 20 अंशांवर रोज 9 अंश जमा होतात, तर 30 अंशांवर 19. म्हणजे उबेत वाढीचा वेग दुपटीहून अधिक होतो. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा कित्येकदा 10 अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा अळी सावकाश वाढते. थंडी ओसरली, की तीच अळी झपाट्याने मोठी होते.

अन्नाचा परिणाम तर याहून आश्चर्यकारक आहे. बियांचे रक्षण व्हावे म्हणून वनस्पती त्यांत काही द्रव्ये साठवितात. ही द्रव्ये कीटकाच्या पाचकरसांना निकामी करतात. हरभऱ्याच्या अशा द्रव्यांना घाटेअळी सरावलेली असते. परंतु तिचे नेहमीचे खाद्य नसलेल्या वनस्पतींचे काय? 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रयोगशाळेतील संशोधकांनी भुईमूग, चौधारी घेवडा व बटाटा यांतील द्रव्ये अळ्यांच्या अन्नात मिसळली. अन्न पोटात गेले, पण नीट पचले नाही! अळ्यांची वाढ खुंटली आणि पुढे त्यांच्यापासून झालेल्या पतंगांची प्रजाही घटली.

या ज्ञानाचा शेतकऱ्याला उपयोग काय? अळी लहान असते, तेव्हा ती पानांवर उघड्यावर असते. त्या वेळी निंबोळीचा अर्क किंवा अळीला रोग आणणारा विषाणू फवारला, तर तो लागू पडतो. मोठी झालेली अळी घाट्यात तोंड खुपसून बसते. मग औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ऊब वाढू लागताच शेतकऱ्याने शेताची पाहणी अधिक वेळा केली पाहिजे. कामगंध सापळ्यात पतंग सापडू लागले, की थोड्याच दिवसांत अळ्या येणार हे त्याने ओळखावे. पीक निघाल्यावर खोल नांगरट केली, तर जमिनीतील कोष उघडे पडतात आणि पक्षी त्यांचा फडशा पाडतात.

कुपीतील इवल्या अळीचे दिवस मोजणे हे काम वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु त्या दिवसांच्या हिशेबावरच शेतातील दाणा घरी येणार, की घाट्यातच नाहीसा होणार, हे अवलंबून असते. बळापेक्षा वेळ ओळखणाऱ्याचाच जय होतो.

स्वाध्याय

1. प्रयोगशाळेत प्रत्येक अळीला वेगळ्या कुपीत का ठेवतात?
2. 25 अंशांवर अळीच्या वाढीच्या खात्यात रोज किती अंश जमा होतील?
3. कारणे द्या : मोठ्या अळीवर औषधाचा परिणाम होत नाही.
4. वाक्यांत उपयोग करा : डोळे निवणे, फडशा पाडणे, निगुतीने.