फॉरमॅट मारण्याआधी

घरचा कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडू लागला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : "फॉरमॅट मारून घ्या." दुकानदार तेच सांगतो, ऑफिसातला जाणकार मित्र तेच सांगतो. फॉरमॅटनंतर पुष्कळदा मशीन चालू होतेही, म्हणून या सल्ल्याची पत टिकून आहे. पण दुखणे ड्रायव्हरचे असेल, तर नव्याने टाकलेले विंडोज अपडेटमधून तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवू शकते. मग निळा पडदा परत येतो आणि मधल्या मध्ये आपला डेटा मात्र गेलेला असतो. आमच्या इमारतीतल्या एका काकांचे हेच झाले. घरच्या कार्याचे फोटो आणि सोसायटीचे जुने हिशेब फॉरमॅटमध्ये गेले आणि बिघाड तसाच राहिला. ती हळहळ जवळून पाहिली होती, म्हणून आमच्याकडे तीच वेळ आली तेव्हा आम्ही घाई केली नाही. त्या अनुभवातून जे हाती लागले, ते इथे सांगतो.

आमच्या घरी काय झाले

नाशिकच्या आमच्या घरातल्या डेस्कटॉपवर माझी पत्नी छोट्या दुकानदारांची हिशेबाची आणि जीएसटीची कामे करते. दरमहा भरायच्या ३बी विवरणपत्राची मुदत २० तारखेची. नेमक्या त्या आठवड्यात पडदा निळा होऊ लागला. त्यावर टक्केवारी वाढत जायची आणि मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचे. दुरुस्तीला बोलावलेल्या माणसाने केस न उघडताच निदान केले : मदरबोर्ड गेला असेल, नाहीतर फॉरमॅट मारावे लागेल.

आम्ही मशीन त्याच्या हाती दिले नाही. आधी टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला आणि मग बंद पडण्याआधी काय चालले होते ते लिहून ठेवायला लागलो. टॅलीत नोंदी करताना मशीन तासन्‌तास चालायचे. व्हिडिओ कॉल लांबला किंवा मोठी फाइल अपलोड करायला घेतली की बंद पडायचे. मदरबोर्ड गेला असता तर त्याने अशी निवड केली नसती. मग वायफाय बंद केले, मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंगने नेट घेतले आणि तसाच लांब कॉल केला. मशीन सुरळीत चालले. त्याच जोडणीवरून विवरणपत्र मुदतीत भरले गेले, आणि खरा तपास त्यानंतर निवांतपणे झाला.

विंडोजमध्ये स्थिरतेची दिनदर्शिका ठेवणारे एक साधन असते. त्यात लाल फुल्या सुरू होण्याच्या आदल्या दिवशी वायफायचा नवा ड्रायव्हर बसल्याची नोंद होती. क्रॅशच्या वेळी साठवलेल्या फाइलींमध्येही प्रत्येक वेळी त्याच ड्रायव्हरचे नाव निघाले. तो काढून जुनी आवृत्ती बसवली. मदरबोर्ड आजही तोच आहे.

ड्रायव्हर सगळे मशीन का पाडतो

ब्राउझर किंवा टॅलीसारखा साधा प्रोग्राम स्वतःला नेमून दिलेल्या मेमरीत चालतो. तो अडकला तर तेवढाच बंद होतो. ड्रायव्हर हा वायफाय, ग्राफिक्स कार्ड, प्रिंटर अशा एकेका भागाला चालवणारा प्रोग्राम. यातले बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालतात. तिथे झालेली चूक दुसऱ्याच्या मेमरीत घुसू शकते, डिस्कवर चुकीची माहिती लिहू शकते. म्हणून असे काही आढळले की विंडोज स्वतःहून सगळे थांबवते. निळा पडदा म्हणजे डेटा बिघडू नये म्हणून घेतलेली खबरदारी आहे, हे लक्षात आले की निम्मी भीती जाते.

गाभ्यातली एक चूक किती लांब जाते ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी पाठवलेली एक सदोष फाइल तिच्याच कर्नलमधल्या ड्रायव्हरने वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्याकडच्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? मशीन सेफ मोडमध्ये सुरू करायचे आणि ती एक फाइल काढून टाकायची. नेमका दोष सापडल्यामुळे ही मशीन फॉरमॅट न करताही उभी राहू शकली.

पडदा वाचायला शिका

निळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. विंडोज ११च्या ताज्या आवृत्त्यांमध्ये २०२५ पासून हा पडदा काळा झाला आहे, पण मजकुराचा अर्थ तोच. त्यावरचा ‘स्टॉप कोड’ आणि असल्यास ‘व्हॉट फेल्ड’ या ओळीतले फाइलचे नाव महत्त्वाचे. पडदा वाचण्याआधीच मशीन रीस्टार्ट होत असेल, तर सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढा.

नेहमी दिसणाऱ्या कोडपैकी काहींचा अर्थ असा. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ : एखाद्या ड्रायव्हरने भलत्या वेळी भलत्या मेमरीला हात लावला, नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये हे बरेचदा घडते. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ : ग्राफिक्सने ठरलेल्या वेळेत, म्हणजे साधारण दोन सेकंदांत, उत्तर दिले नाही आणि सावरण्याचा प्रयत्नही फसला. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ : झोपी जाताना किंवा जागे होताना एखादा ड्रायव्हर अडकला. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ : इथे मात्र आधी हार्डवेअरकडे पाहावे.

सगळा पुरावा पडद्यावरच नसतो. स्टार्ट मेन्यूत ‘रिलायबिलिटी’ शोधले की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडते. पहिली लाल फुली कोणत्या दिवशी आली आणि त्याच्या आसपास काय बसवले गेले, हे तिथे तारखेनिशी दिसते. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात ‘मिनीडम्प’ नावाचे फोल्डर असते. दर क्रॅशला तिथे एक छोटी फाइल जमा होते. ती वाचायला निरसॉफ्टचे ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे मोफत साधन सोपे पडते. मायक्रोसॉफ्टचे ‘विनडीबीजी’ अधिक खोलात जाते. एक सावधगिरी ठेवा. पुष्कळदा तिथे विंडोजच्या गाभ्याच्याच फाइलचे, ‘एनटीओएसकर्नल’चे नाव येते. तेवढ्यावरून विंडोज बिघडले असे मानणे म्हणजे पंचनामा करणाऱ्या हवालदारालाच आरोपी ठरवणे. एकाच क्रॅशवर विसंबू नका. चार-पाच फाइली पाहा आणि कोणते नाव पुन्हा पुन्हा येते ते शोधा.

दुरुस्तीचा क्रम

सर्वांत आधी डेटा बाहेर काढा. मशीन अधूनमधून का होईना चालू होते, तोवरच हे सोपे असते.

मग एकदा ‘रीस्टार्ट’ करा. ‘शटडाउन’ करून पुन्हा चालू करणे म्हणजे तेच, असे वाटते. पण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोज आपला गाभा ड्रायव्हरसकट डिस्कवर साठवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. सगळे नव्याने सुरू होते ते रीस्टार्टनेच.

विंडोज नीट चालू राहत नसेल, तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करा. ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या वाटेने गेल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट होते आणि मग ४ किंवा ५ दाबले की सेफ मोड मिळतो. तिथे विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन चालते. सेफ मोडमध्ये मशीन शांत राहिले, तर संशय ड्रायव्हरवर किंवा नव्या सॉफ्टवेअरवर पक्का होतो.

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये संशयित भाग शोधा. त्याच्या ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. ते आधीचा ड्रायव्हर परत आणते. आमच्याकडे ते पुसट होते, कारण आधीची प्रत मशीनवर उरली नव्हती. अशा वेळी जुना ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या निर्मात्याच्या साइटवरून, मॉडेल नंबर तपासून, आधी उतरवून ठेवावा. मग सध्याचा ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ने काढावा, ड्रायव्हरच्या फाइलीही काढण्याची खूण असेल तर ती करावी, रीस्टार्ट करून जुना बसवावा. त्यानंतर विंडोज अपडेट काही दिवस ‘पॉज’ करावे, म्हणजे तोच सदोष ड्रायव्हर लगेच परत येणार नाही. पण सुरक्षेचे अपडेट कायमचे थांबवू नका.

एका वेळी एकच बदल करा आणि ज्या कामात मशीन बंद पडत होते तेच काम करून पाहा. एकाच बैठकीत पाच गोष्टी बदलल्या आणि मशीन सुधारले, तर कशाने सुधारले ते कळत नाही. बिघडले तर कशाने बिघडले तेही कळत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासायला ‘डीआयएसएम’ आणि त्यानंतर ‘एसएफसी’ चालवणे योग्य आहे, पण दुसऱ्या कंपनीचा सदोष ड्रायव्हर त्याने दुरुस्त होत नाही. ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे साधन ड्रायव्हरवर मुद्दाम ताण टाकून दोषी ड्रायव्हर उघडा पाडते. त्यामुळे मशीन वारंवार कोसळू शकते, सुरूच न होण्याच्या चक्रातही अडकू शकते. रिस्टोअर पॉइंट घेतलेला नसेल आणि सेफ मोडमधून ते बंद कसे करायचे हे माहीत नसेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

ड्रायव्हर निर्दोष असतो तेव्हा

दर वेळी वेगळा कोड, वेगळ्या फाइलचे नाव आणि बंद पडण्याला कसलाही ताळमेळ नाही, असे असेल तर रॅमकडे वळा. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ हे साधन मशीनमध्येच असते. ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवले तर अधिक खात्री पटते. डेस्कटॉपमध्ये दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. वीज पूर्ण काढून, स्थिर विजेची काळजी घेऊन रॅमचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसण्याचा आपल्याकडच्या कारागिरांचा उपाय साध्या मळाला पुरतो. फक्त जड काम करताना, गेम खेळताना किंवा व्हिडिओ बनवताना मशीन बंद पडत असेल, तर पंख्यात साचलेली धूळ आणि एसएमपीएस दोन्ही तपासून घ्या.

दोन सापळे

पहिला सापळा म्हणजे एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणाऱ्या जाहिराती. असे प्रोग्राम भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवू शकतात, आणि आधी एक बिघाड होता तिथे चार होतात. ड्रायव्हर निर्मात्याकडून घ्या किंवा विंडोज अपडेटमधून.

दुसरा अधिक घातक आहे. ब्राउझरमध्ये अचानक पूर्ण पडदाभर निळी सूचना येते, कर्कश आवाज सुरू होतो आणि ‘या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असे लिहिलेले असते. ती फसवणूक असते. विंडोजचा खरा निळा पडदा कधीही फोन नंबर देत नाही. एस्केप दाबून ठेवा. सुटले नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कोणाच्याही सांगण्यावरून दूरून पडदा पाहणारे ॲप टाकू नका. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. घरात ज्येष्ठ मंडळी कॉम्प्युटर वापरत असतील, तर त्यांना हे मुद्दाम समजावून सांगा.

मशीन नीट चालू असतानाच

या सगळ्यातले निम्मे कष्ट आधीच वाचवता येतात. आज मशीन चांगले चालू असेल तर आजच ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ चालू करून रिस्टोअर पॉइंट घ्या. बऱ्याच मशीनवर ते बंदच असते. मदरबोर्डचे किंवा लॅपटॉपचे मॉडेल लिहून ठेवा, नेटवर्कचा सध्या नीट चालणारा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवा. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करताच लागते, वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि दुरुस्तीच्या वेळी विंडोज तीच की मागते. साइन इन केलेले असेल तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल. आणि डेटाची एक प्रत मशीनच्या बाहेर असू द्या.

एवढे हाताशी असले की दुरुस्तीवाल्याला बोलावतानाही तुम्ही त्याला पडद्याचा फोटो, फाइलचे नाव आणि पहिल्या क्रॅशची तारीख देऊ शकता. चांगल्या कारागिराला ही माहिती हवीच असते, आणि ती त्याला फक्त तुम्हीच देऊ शकता. ही माहिती पाहूनही जो फक्त फॉरमॅटच सुचवेल, त्याला कारण विचारा. कारण पटले आणि डेटाची प्रत हाती असली, तर खुशाल फॉरमॅट करा. तोवर मशीन त्याच्या हाती देऊ नका.