फवारणीचे विष : डबा सोबत आणा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातल्या एका दुपारी मोटारसायकलवर मधे बसवून एका शेतमजुराला दवाखान्यात आणले. तोंडातून लाळ गळत होती, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "कोणतं औषध मारत होता?" मी विचारले. भाऊ म्हणाला, "कपाशीचं, डॉक्टरसाहेब." लक्षणे पाहून अ‍ॅट्रोपिन सुरू केले व जिल्हा रुग्णालयात पाठवले. तो वाचला. संध्याकाळी भाऊ डबे घेऊन आला, ते दोन निघाले. एकाच पंपात कालवलेले!

वाचकहो, आपण ज्याला औषध म्हणतो ते विष आहे आणि त्याचे प्रकार वेगळे आहेत. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. नसेने स्नायूला व ग्रंथीला दिलेला निरोप संपवणारे द्रव्य ती निकामी करतात. मग लाळ, घाम, उलट्या, जुलाब सुरू होतात, श्वास कोंडतो. कार्बामेट गटाचेही तसेच. या दोहोंत अ‍ॅट्रोपिन उपयोगी पडते. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडने कातडीची आग होते, जास्त पोटात गेल्यास झटके येतात. त्यावर खास उतारा नाही. म्हणूनच डॉक्टरला डबा हवा.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा टळलेली फवारणी हीच उत्तम फवारणी. पानांवर दाट लव असलेल्या कपाशीवर तुडतुडे कमी टिकतात, मात्र पांढरी माशी अशा पानांवर रमते. २००२ साली आलेले बीटी वाण बोंडअळीसाठी आहे. तुडतुडे, मावा त्याला जुमानत नाहीत आणि गुलाबी बोंडअळी तर त्याला सरावली. म्हणून वाण निवडताना आपल्या शेतात कोणती कीड जास्त येते ते कृषी सहायकांना सांगावे.

फवारणी करावीच लागली तर वाऱ्याच्या दिशेने, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व तोंडाला मास्क बांधून करावी. मधे तंबाखू, बिडी, जेवण नको. भोवळ, मळमळ वाटताच काम थांबवावे, कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे. पोटात गेले असल्यास मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. शुद्ध हरपली तर कुशीवर निजवावे आणि रुग्णासोबत डबाही आणावा.