गळणारं भोक बुजवू नका

जुन्या ट्रकचा रेडिएटर गळायला लागला की कुणीतरी हळदीची पुडी पुढे करतंच. बारीक गळती हळदीने थांबतेही. पण तीच हळद रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत बसते आणि भरल्या गाडीने घाट लागला की काटा लालमध्ये जातो.

मी घेतलेली सेकंडहँड गाडी अशाच इलाजांवर चालत आली होती. भिवंडीहून माल भरून कसारा घाट चढताना पुढून खरखर ऐकू आली आणि पाठोपाठ वाफेचा लोट. पंख्याची पाती रेडिएटरमध्ये घुसली होती. कारण पंप खोलल्यावर कळलं. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून ठिबकतं, म्हणजे बेअरिंगकडे जायच्या आधी बाहेर पडतं. ते भोक आधीच कुणीतरी पुटी भरून बंद केलेलं. पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन गेलं, शाफ्ट डगमगला. आणि या गाडीला पंखा त्याच शाफ्टवर. सीलचा खर्च वाचवण्याच्या नादात पंप आणि रेडिएटर दोन्ही गेले.

तेव्हापासून माझा नियम एकच: गळती दिसली की आधी ती कुठून येते ते शोधायचं. पंपाच्या भोकातून ठिबकत असेल तर पंप उतरवायचा. इंजिन बंद असताना पंखा हाताने हलवून पाहायचा. खेळ जाणवला तर लांबच्या भाड्याला निघायचं नाही.

गाडी कधी तापते, यावरूनही बरंच कळतं. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापत असेल तर पंखा, पट्टा आणि हवेची वाट पाहा. फक्त चढाला तापत असेल तर रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धुळीने, उसाच्या पाचटाने चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. जाळी धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला आणि बेताच्या जोराने मारा, नाहीतर पत्रे वाकतात. गळती कुठेच दिसत नाही तरी पाणी कमी होतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, असं असेल तर हेड गॅसकेट तपासून घ्या.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. इंजिन थंडच राहिलं तर डिझेल जास्त जातं, झीज वाढते. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसेल तर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं. संशय असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टांगून तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडला, तर तो ठीक आहे.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. अर्धा बार दाब धरणारं झाकण असेल तर साधं पाणीही साधारण 111 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की हा फायदा संपला. म्हणून झाकण बदलताना कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच घ्या.

बोअरचं पाणी भरू नका, त्यातला क्षार नळ्यांत साचतो. इंजिनला चालणारं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये, डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळा. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा हिशेब चुकीचा आहे. ते गंज रोखतं. वेट लायनरच्या इंजिनात लायनरला बाहेरून पडणारे खड्डेही योग्य कूलंटने कमी होतात. काढलेलं कूलंट उघड्यावर सोडू नका. चवीला गोड असतं, जनावरं चाटतात आणि मरतात.

रस्त्यात काटा चढला तर गाडी कडेला घ्या. पट्टा शाबूत आहे आणि पाणी वाहत नाही, तर इंजिन थोडा वेळ न्यूट्रलला चालू ठेवा. पट्टा तुटला किंवा पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. गरम असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच पोचा. झाकण उघडा, पाण्यात बोट बुडवा. गंज, तेलाचा तवंग किंवा पिवळा गाळ हाताला लागला, तर भाव त्या हिशेबाने पाडा, नाहीतर दुसरी गाडी बघा.