निरुद्योगी शब्द
वाचनभाग : मत्तय १२:२२–३७

या भागाच्या ३६ व्या वचनांत न्यायाच्या दिवशीं व्यर्थ शब्दांचाही हिशेब घेतला जाईल असें प्रभु सांगतो. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'काम न करणारा' असा आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत (मत्तय २०:३) बाजारांत रिकामे उभे असलेल्या मजुरांनाही हाच शब्द लाविला आहे. त्या मजुरांना कोणी कामाला लाविलें नव्हतें. आपले शब्द मात्र आपणच मोकाट सोडतों.

यावरून हंसणें, थट्टा करणें हें सर्व पापच, असें कोणी समजूं नये. परूश्यांनीं काय केलें तें पाहावें. आंधळा व मुका मनुष्य बरा झाला, आणि चौकशी न करितां ते म्हणाले, हें बालजबूलाचें काम! विचारपूर्वक बोलतांना मनुष्य सांवध असतो. सहज निघालेला शब्द अंतःकरणाची कोठी उघडून दाखवितो (वचनें ३४, ३५). म्हणूनच त्याचा न्याय.

याच जिल्ह्यांतील जांब गांवीं जन्मलेल्या रामदासांनीं दासबोधांत मूर्खाचीं लक्षणें सांगितलीं आहेत. त्यांत जिभेचीं पुष्कळ आहेत. आपले शेजारीही हें जाणतात.

रे. नारायण शेषाद्री यांनीं जालन्याजवळ बेथेल वसविलें, त्या काळापासून आपल्या मंडळ्या लहानच. अशा ठिकाणीं शब्द लवकर पोहोंचतो. माझीच गोष्ट सांगतों. एका मंडळींत सुगीच्या दानाची ज्वारी दोन पायली कमी भरली. "किल्ली कोणाकडे होती?" एवढेंच मीं हंसत विचारलें. ती एका विधवा बहिणीकडे होती. मीं आरोप केला नव्हता, असें मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलों. पण संध्याकाळपर्यंत माझ्या प्रश्नाचा गांवानें निकाल करून टाकिला होता. ती बहीण प्रभुभोजनास येईनाशी झाली. पुढें कोठीच्या भिंतींत उंदरांचें बीळ व त्यांत ज्वारी सांपडली. मीं तिच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. तिनें चहा दिला, क्षमाही केली. परंतु तिच्या लेकीची ठरत आलेली सोयरीक मोडली होती. त्या लोकांकडे मी दोनदां गेलों. त्यांनीं ऐकून घेतलें, मान डोलाविली. पण ते परत आले नाहींत.

वर्गांत चर्चेसाठीं : ३७ व्या वचनांत शब्दांवरून निर्दोषी ठरण्याचीही गोष्ट आहे. तो शब्द कोणता असेल? लूक २३:४२ काढून वाचावें.